टपाली मतपत्रिकांचे टेबल: लखोटा फोडण्यापासून नमुना २० पर्यंत

महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक १५ ऑक्टोबर २०२४ ला जाहीर झाली. मतदान २० नोव्हेंबरला झाले आणि मोजणी २३ नोव्हेंबरला, शनिवारी. मतमोजणीचा नेमणूक आदेश आला की कर्मचारी आधी टेबल ईव्हीएमचे आहे की टपालीचे, ते बघतात. आदेशावर ‘टपाली’ दिसले की शेजारचा हमखास म्हणतो, ‘सुटलात राव, चार पाकिटं फोडायची आणि घरी!’ हा गैरसमज टेबलावर बसल्यावर पहिल्या तासातच उतरतो. ईव्हीएमच्या टेबलावर यंत्र आकडा दाखवते आणि तुम्ही तो लिहून घेता. इथे प्रत्येक पाकिटामागे एक निर्णय असतो आणि समोर जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. प्रशिक्षणात मात्र सगळा वेळ ईव्हीएम, व्हीव्हीपॅट आणि नमुना १७-क (केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशेब) यांतच जातो. टपालीचा विषय शेवटी निघतो आणि तोवर जेवणाची वेळ झालेली असते. पुढच्या निवडणुकीत ज्यांच्या वाट्याला हे टेबल येईल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी मतमोजणी पर्यवेक्षक म्हणून काम केले, त्यामुळे जे सांगतो ते त्या खुर्चीतून दिसलेले आहे.

आधी ही पाकिटे येतात कुठून ते समजून घ्या, कारण गठ्ठ्यागणिक अडचणी बदलतात.

पहिला गठ्ठा निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्यांचा. यांचा अर्ज नमुना १२ मध्ये असतो. पूर्वी मतपत्रिका घरी येई आणि कर्मचारी ती मोजणीच्या सकाळपर्यंत केव्हाही टपालाने पाठवी. २०२३ च्या नियमदुरुस्तीनंतर त्यांनी मतदार सुविधा केंद्रातच जाऊन मत द्यायचे असते. हे केंद्र बहुधा प्रशिक्षणाच्याच जागी असते. ज्यांची नेमणूक स्वतःच्याच मतदारसंघात असते ते नमुना १२-अ चे प्रमाणपत्र घेऊन मतदान केंद्रावर ईव्हीएमवरच मत देतात, त्यांचे पाकीट येत नाही.

दुसरा गठ्ठा अनुपस्थित मतदारांचा. ८५ वर्षांवरील ज्येष्ठ, किमान ४० टक्के अपंगत्व असलेले दिव्यांग आणि अत्यावश्यक सेवेतले कर्मचारी यात येतात. वयाची अट आधी ८० होती, मार्च २०२४ मध्ये ती ८५ झाली. अर्ज नमुना १२-ड मध्ये, तोही निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत. आपल्याकडे अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली होती. ज्येष्ठ आणि दिव्यांगांच्या घरी मतदान पथक जाते, सोबत चित्रीकरण करणारा असतो. पहिल्या भेटीत मतदार भेटला नाही तर पथक आणखी एकदा येते, त्यानंतर नाही. आणि हे घरच्यांना नीट सांगायला हवे: एकदा टपाली मतपत्रिका मंजूर झाली की मतदार यादीत नावापुढे तशी खूण होते, मग त्या माणसाला केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. नातवाने हौसेने आजोबांचा अर्ज भरला आणि पथक आले तेव्हा आजोबा मुलीकडे गावाला, असे झाले की ते मत गेलेच.

तिसरा गठ्ठा सैन्यदलांतल्या सेवा मतदारांचा. त्यांना मतपत्रिका ईटीपीबीएस या प्रणालीतून संगणकावर जाते. ते ती छापून घेतात, मत नोंदवतात आणि टपालाने परत पाठवतात. पाकिटाला तिकीट लावावे लागत नाही. प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध असलेल्यांनाही टपाली मत देता येते, पण त्यांची पाकिटे क्वचितच दिसतात.

आता पाकिटाची रचना. बाहेरचा मोठा लखोटा म्हणजे नमुना १३-क. त्यात दोन गोष्टी सुट्या असायला हव्यात: मतदाराच्या सहीचे आणि साक्षांकनाचे घोषणापत्र, म्हणजे नमुना १३-अ, आणि आतला बंद छोटा लखोटा, नमुना १३-ब. मतपत्रिका फक्त १३-ब मध्ये. घोषणापत्रावर मतपत्रिकेचा अनुक्रमांक असतो आणि तोच १३-ब वरही लिहिलेला असतो. हे तीन नमुने डोक्यात पक्के बसले की अर्धे काम झाले. आम्ही टेबलावर ‘मोठा’, ‘फॉर्म’ आणि ‘छोटा’ असेच म्हणत होतो.

मोजणीच्या आधीचे दिवस टपालीच्या बाबतीत फार महत्त्वाचे असतात, जरी ते काम मोजणी पथकाचे नसले तरी. आलेल्या पाकिटांचा रोजचा हिशेब गटवार ठेवतात. आज किती आली, एकूण किती झाली, ती कोणत्या पेटीत गेली, हे सगळे नोंदवहीत येते. पाकिटे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या ताब्यातल्या वेगळ्या सुरक्षा कक्षात राहतात आणि मोजणीच्या जागी नेताना उमेदवारांना कळवून, चित्रीकरण करून नेतात. मोजणीच्या दिवशी तुम्हाला मिळणारा आकडा याच नोंदवहीतला असतो. म्हणून टेबलावर गठ्ठा आला की पहिले काम पाकिटे मोजून नोंदीशी ताडायचे. एक जरी कमी-जास्त निघाले तर तिथेच थांबा, सहायक निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला दाखवा, आणि मगच कात्री लावा. फोडलेल्या पाकिटांचा हिशेब नंतर जुळवणे म्हणजे डोकेदुखी.

२३ तारखेची सकाळ. पहाटे पाचला कर्मचाऱ्यांची तिसरी सरमिसळ, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी, होते आणि कोण कोणत्या टेबलावर हे तेव्हाच कळते. (पहिल्या सरमिसळीत माणसे निवडतात, दुसरीत मतदारसंघ ठरतो.) ओळखपत्र गळ्यात, मोबाइल बाहेर. मोबाइल जमा करायच्या रांगेतच बराच वेळ जातो, म्हणून तो घरीच ठेवणारे शहाणे. मनगटी घड्याळ साधे चालते, स्मार्ट घड्याळ काढायला लावतात. आत गेल्यावर टेबलावर साहित्य तपासा: पाकिटे फोडायची सुरी किंवा कात्री, रबर बँड, लाख किंवा चिकटपट्टी, वेगवेगळ्या मोठ्या पाकिटांवर लावायच्या छापील चिठ्ठ्या, उमेदवारवार कप्प्यांचा ट्रे, ‘नाकारले’ चा शिक्का, तक्ते. आमच्या ट्रेला उमेदवारांइतके कप्पे होते, पण ‘नोटा’ साठी कप्पा नव्हता. तो खोक्याचा तुकडा लावून करून घेतला. ‘नोटा’ ची मते वैध असतात, ती बाद मतांच्या ढिगात टाकायची नसतात, त्यामुळे जागा वेगळी हवीच.

एका टेबलावर मतमोजणी पर्यवेक्षक एक, सहायक दोन, आणि सूक्ष्म निरीक्षक एक. टपालीच्या प्रत्येक टेबलाला एक सहायक निवडणूक निर्णय अधिकारीही असतो, आणि खरी गंमत तिथेच आहे: वैध-अवैध ठरवण्याचा अधिकार त्यांचा. पर्यवेक्षकाने मांडायचे, दाखवायचे, निर्णय द्यायचा नाही. एका टेबलावर एका फेरीत पाचशेपेक्षा जास्त मतपत्रिका देत नाहीत. त्यामुळे जास्त पाकिटे आली तर टेबले वाढतात. उमेदवाराला प्रत्येक टपाली टेबलासाठी वेगळा प्रतिनिधी नेमता येतो.

आठच्या आधी निवडणूक निर्णय अधिकारी लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२८ मोठ्याने वाचून दाखवतात: मतदानाची गोपनीयता राखायची, मोडली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. बरेचजण हे राष्ट्रगीतासारखे उभे राहून ऐकतात आणि विसरतात. पण टपालीच्या टेबलावर हे कलम रोजच्या वापरातले आहे, कारण मतदाराचे नाव आणि त्याचे मत एकाच लखोट्यातून तुमच्या हातात येते.

आठ वाजता दार बंद. मोजणी सुरू करायच्या ठरलेल्या वेळेपर्यंत पोहोचलेलीच पाकिटे धरायची असतात. टपाल खात्याचा माणूस शेवटचा गठ्ठा घेऊन सकाळी येतो, त्याची वेळ नोंदवून घेतात. आठनंतर आलेला १३-क लखोटा फोडायचाच नाही. त्यावर वेळ व तारीख लिहायची, असे सगळे लखोटे एका पाकिटात घालून सील करायचे. त्यात कुणाचे मत आहे ते कुणालाच कधी कळत नाही. सीमेवरून आलेले पाकीट दोन दिवस उशिरा पोहोचले की वाईट वाटते. पण इथे कुणाच्याच हातात काही नसते.

सेवा मतदारांची पाकिटे आधी क्यूआर कोडच्या टेबलावर जातात. बाहेरच्या लखोट्याचा कोड स्कॅन झाला की संगणक क्रमांक देतो आणि तो लखोट्यावर लिहायचा. एकाच कोडची दोन पाकिटे आली असतील तर संगणक सांगतो, ती शोधून बाजूला काढावी लागतात. म्हणूनच लिहिलेला क्रमांक सुवाच्य हवा. बाहेरचे सगळे लखोटे स्कॅन झाल्यावरच फोडायचे. मग घोषणापत्राचा कोड, मग आतल्या लखोट्याचा. अडचणी ठरलेल्या असतात: सैनिकाने साध्या छपाईयंत्रावर छापलेला फिकट कोड, कोडवरूनच मारलेली चिकटपट्टी, नेमकी कोडवर पडलेली घडी. कागद सपाट करा, प्रकाशाचा कोन बदला, पट्टी चकाकत असेल तर स्कॅनर तिरका धरा. तरीही वाचला नाही तर पाकीट अधिकाऱ्याकडे द्या. अंदाजाने पुढे ढकलू नका.

आता मुख्य काम. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला नियम ५४-अ हा या टेबलाचा कणा आहे, आणि त्यातला क्रम उलटसुलट चालत नाही.

बाहेरचा लखोटा हातात घेतला की तो आधी आखूड बाजूवर टेबलावर आपटायचा, म्हणजे आतले कागद खाली बसतात. मग वरची आखूड कड कापायची. घाईत मधूनच कापले की आतला छोटा लखोटाही चिरतो, आणि प्रतिनिधी लगेच उठून उभे राहतात. कागद बाहेर काढल्यावर लखोटा दोन्ही हातांनी उघडून प्रतिनिधींना आतून रिकामा दाखवायचा. ही सवय पहिल्या पाकिटापासून लावली तर पुढे वाद होत नाहीत.

१३-ब ला अजून हात लावायचा नाही. पहिली तपासणी फक्त घोषणापत्राची. चार गोष्टी बघायच्या: घोषणापत्र आहे का, मतदाराची सही आहे का, साक्षांकन आहे का, आणि त्यावरचा मतपत्रिकेचा क्रमांक १३-ब वरच्या क्रमांकाशी जुळतो का. यातले एक जरी नसेल, किंवा घोषणापत्रात दुसरा काही मोठा दोष असेल, तर आतला लखोटा न उघडताच नाकारायचा. कारण त्यावर लिहायचे, अधिकाऱ्याची सही घ्यायची, घोषणापत्रासह तो परत मोठ्या लखोट्यात घालायचा आणि असे सगळे लखोटे वेगळ्या पाकिटात सील करायचे.

सगळ्यात जास्त मते इथेच जातात, आणि मतदाराच्या लक्षातही येत नाही. आमच्या टेबलावर बाद झालेल्या पाकिटांत सर्वाधिक होती ती साक्षांकन नसलेली. त्यानंतर घोषणापत्रच न सापडलेली. हे दुसरे प्रकरण मोठे चमत्कारिक आहे. मतदाराने घोषणापत्र भरलेले असते, सही असते, साक्षांकनही असते, पण ते त्याने मतपत्रिकेबरोबर आतल्या लखोट्यात घालून चिकटवलेले असते. छोटा लखोटा हाताला जाड लागतो, आत काय आहे ते सगळ्यांना कळते. पण घोषणापत्र बाहेर सापडले नाही म्हणजे आतला लखोटा उघडायचा नाही. प्रतिनिधी म्हणतात, ‘उघडून बघा ना साहेब.’ उघडले तर सहीचे नाव आणि मत एकदम समोर येईल, आणि नियमाला नेमके तेच नको आहे.

क्रमांकाचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. घोषणापत्रावर क्रमांकात मराठी १ लिहिलेला, लखोट्यावर इंग्रजी अंक. मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, त्यामुळे प्रतिनिधींपैकी एकाने क्रमांक जुळत नाही म्हणून हरकत घेतली. सहायक निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी पाठवलेल्या मतपत्रिकांची यादी मागवली, त्यातल्या क्रमांकाशी ताडले, त्याच घोषणापत्रावरचे बाकीचे अंक कोणत्या लिपीत आहेत ते दाखवले, आणि पाकीट ग्राह्य धरले. सुविधा केंद्रावर काम करणाऱ्यांनी सगळीकडे एकाच लिपीत अंक लिहावेत, एवढ्यानेही मोजणीच्या दिवशीचे बरेच वाद मिटतील.

साक्षांकनाच्या बाबतीत ‘सही आहे पण शिक्का नाही’ हा नेहमीचा वाद. आंध्र प्रदेशात २०२४ च्या मोजणीआधी याच मुद्द्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. तिथे सुविधा केंद्रांवर खास नेमलेल्या अधिकाऱ्याची सही असेल तर नुसते नाव, हुद्दा किंवा शिक्का नाही म्हणून मत बाद करू नये, असे भारत निवडणूक आयोगाने कळवले होते आणि न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. आपल्या टेबलावर काय धरायचे ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून मोजणी सुरू होण्याआधी लेखी घ्या, आणि प्रतिनिधींना तेव्हाच वाचून दाखवा. मधेच ठरवलेला निकष कुणालाच पटत नाही.

ग्राह्य घोषणापत्रे सगळी जमली की ती वेगळ्या पाकिटात घालून सील करायची. पाकिटावर मतदारसंघ, मोजणीची तारीख आणि आत काय आहे ते लिहायचे. हे सील झाल्याशिवाय एकही १३-ब उघडायचा नाही. माझ्या मते टपाली मोजणीतली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. नावे एका बाजूला बंद झाली, आता समोर फक्त निनावी छोटे लखोटे. वेळ वाचवण्यासाठी एका सहायकाने घोषणापत्रे तपासावीत आणि दुसऱ्याने लगेच छोटे लखोटे फोडत जावे, ही सूचना कुणीतरी करतेच. ती ऐकायची नाही.

यात वेळ जातो. बाहेर टीव्हीवर सव्वाआठलाच ‘टपाली मतांत अमुक आघाडीवर’ असे झळकू लागते. त्या वेळी आमच्या टेबलावर अजून मोठे लखोटे फोडणे चालू होते, एकही मतपत्रिका कुणी पाहिलेली नव्हती. ते आकडे कुठून येतात हे चॅनेलवाल्यांनाच ठाऊक. टपालीची मोजणी आठला सुरू होते आणि अर्ध्या तासाने, साडेआठला, ईव्हीएमची सुरू होते. पलीकडून ‘पहिली फेरी पूर्ण’ असा पुकारा आला की आपल्याकडे उगाच घाई सुरू होते. पाणी प्या आणि आपल्या गतीने चला.

मग छोटे लखोटे. डिंक जास्त लागला असेल तर मतपत्रिका लखोट्याला चिकटलेली असते, ओढली की फाटते. लखोटा तिन्ही कडांनी कापून पुस्तकासारखा उघडायचा आणि कागद अलगद सोडवायचा. थोडी फाटली म्हणून मतपत्रिका बाद होत नाही. ती खरी आहे हे ओळखताच येणार नाही इतकी खराब झाली तरच बाद.

बाद करायची कारणे नियमात मोजकीच दिली आहेत. मतदार ओळखू येईल अशी खूण किंवा लिखाण असणे. मतच नोंदवलेले नसणे. एकापेक्षा जास्त उमेदवारांना मत असणे. मतपत्रिका बनावट असणे. ओळख पटणार नाही इतकी फाटलेली असणे. आणि सोबत पाठवलेल्या लखोट्यातून परत आलेली नसणे. शिवाय खूण अशा जागी असेल की मत कुणाला ते सांगताच येत नाही, तर ते मत नाकारायचे. एक उमेदवार आणि ‘नोटा’ अशा दोन्ही रकान्यांत खूण असेल तर तेही दोन मतेच.

सहीचे प्रमाण चकित करणारे आहे. शिकले-सवरलेले कर्मचारी, आयुष्यभर कागदावर सही करायची सवय, मतपत्रिकेवरही सही ठोकून मोकळे. एकाने तर खूण केल्यावर चूक वाटली म्हणून खोडले आणि खोडल्याजागी आद्याक्षरे घातली, रोखीच्या पावतीवर घालतात तशी. दोन्ही प्रकारांत मते गेली.

याउलट, नाकारायची घाई करू नका अशीही नियमाची सूचना आहे. खूण पुसट आहे किंवा दोनदा केली आहे, एवढ्यावर मत बाद होत नाही. हेतू स्पष्ट दिसत असेल तर ते धरायचे. टपाली मतपत्रिकेवर अमुकच खूण हवी असे बंधन नाही. बरोबरची खूण चालते, फुलीही चालते. फुली म्हणजे ‘हा नको’ असा अर्थ काढून एक प्रतिनिधी बराच वेळ भांडत होता. एकाच रकान्यात फुली आहे आणि बाकी सगळे रकाने कोरे आहेत, म्हणजे मत त्यालाच. रेषेवर पडलेली खूण कठीण असते. खुणेचा मोठा भाग एका रकान्यात असेल तर अधिकारी बहुधा धरतात, अगदी मधोमध असेल तर नाही.

शंकास्पद प्रत्येक मतपत्रिका प्रतिनिधींना दाखवायची, पण हातात द्यायची नाही. दोन्ही बोटांत वरच्या कडेने धरून सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायची. हरकत असेल तर ऐकायची, निर्णय अधिकाऱ्याचा. नाकारलेल्या मतपत्रिकेवर ‘नाकारले’, थोडक्यात कारण आणि अधिकाऱ्याची सही. आम्ही शंकास्पद मतपत्रिका लगेच न सोडवता एका कप्प्यात जमवल्या आणि शेवटी एकत्र घेतल्या. त्यामुळे एकसारख्या खुणांना एकसारखा न्याय मिळतो, आणि ‘मघाशी त्याची धरली, माझी का नाही’ असे कुणी म्हणत नाही.

वैध मतपत्रिका उमेदवारवार कप्प्यात, मग पंचवीसचे गठ्ठे. एका सहायकाने मोजायचे, दुसऱ्याने पुन्हा मोजायचे, वरच्या चिठ्ठीवर दोघांची सही. मग बेरीज: सर्व उमेदवारांची मते अधिक ‘नोटा’ अधिक छोटे लखोटे उघडल्यावर बाद झालेली अधिक न उघडता नाकारलेली, हे सगळे मिळून आठच्या आत आलेल्या पाकिटांइतके भरायला हवे. आठनंतरची यात धरायची नाहीत. बेरीज चुकली तर चूक बहुधा रिकाम्या लखोट्यांच्या खोक्यात सापडते. म्हणून मोजणी संपेपर्यंत ते खोके झाडणाऱ्याच्या हाती लागू देऊ नका.

आकडे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे जातात आणि निकालपत्रकात, म्हणजे नमुना २० मध्ये, टपाली मतांच्या वेगळ्या ओळीत बसतात. लोकसभेला थोडा फरक असतो. तिथे टपाली मते विधानसभानिहाय नव्हे, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या मुख्य ठिकाणी मोजतात.

काम संपले म्हणून उठू नका. विजयाचे अंतर बाद ठरवलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल तर निकाल जाहीर करण्याआधी बाद केलेल्या सगळ्या टपाली मतपत्रिका निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने पुन्हा तपासायच्याच असतात, आणि ते सगळे चित्रित करायचे असते. हे कागदावरचेच कलम वाटत असेल तर मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघ आठवा. ४ जून २०२४ ला तिथे ईव्हीएमच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते रवींद्र वायकरांना १,५४९ आणि कीर्तिकरांना १,५०० मिळाली, आणि वायकर ४८ मतांनी विजयी झाले. बाद टपाली मते १११ होती, अंतरापेक्षा जास्त. म्हणून त्यांची फेरतपासणी झाली. बाद मतपत्रिकेवर कारण सुवाच्य लिहायचा कंटाळा येतो तेव्हा हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. फेरतपासणीत ‘हे का नाकारले’ याचे उत्तर त्या दोन शब्दांतूनच द्यावे लागते.

२०२४ नंतर एक बदल झाला आहे. आमच्या वेळी टपालीची मोजणी मागे राहिली तरी ईव्हीएमच्या फेऱ्या शेवटपर्यंत जाऊ शकत होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने ठरवले की टपालीची मोजणी पूर्ण झाल्याशिवाय ईव्हीएमची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. नियम चांगला आहे, कारण अखेरीस टपालीने निकाल फिरवला की संशयाला जागा होते. पण आता सगळे सभागृह तुमच्या टेबलाकडे बघत थांबणार, हे लक्षात ठेवून टेबले पुरेशी मागा. आणि महापालिका, जिल्हा परिषदांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांचे नियम वेगळे. इथली सवय तिथे लावू नका.

शेवटी सीलबंदी. वैध मतपत्रिकांचा गठ्ठा वेगळा, बाद झालेल्यांचा वेगळा, दोन्ही एका पाकिटात. त्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचे सील आणि ज्या उमेदवारांना किंवा प्रतिनिधींना लावायचे असेल त्यांचेही. घोषणापत्रांचे पाकीट, न उघडता नाकारलेल्यांचे पाकीट आणि उशिरा आलेल्यांचे पाकीट वेगवेगळी. ही पाकिटे नंतर न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडत नाहीत, म्हणून चिठ्ठीवरचा मजकूर दुसऱ्याला समजेल असा हवा. आम्ही चिठ्ठ्या आदल्या दिवशीच लिहून ठेवल्या होत्या, फक्त आकड्यांची जागा मोकळी. संध्याकाळी थकलेल्या हाताने लिहिण्यापेक्षा ते बरे पडले.

मानधनासाठी बँक खात्याचा तपशील प्रशिक्षणातच घेतात, तो अर्ज त्याच वेळी तपासून द्या. आणि पाकिटे ताब्यात दिल्याची पोच तसेच कार्यमुक्तीच्या कागदावरची सही घेतल्याशिवाय सभागृह सोडू नका. शनिवारी रात्री सगळे पांगतात आणि सोमवारी कार्यालयात तोच कागद मागतात.